तक्ता क्रमांक चार

नारायण पेठेत एका जिन्याखालच्या दुकानात
मी दुसऱ्यांचे प्रबंध जुळवतो.
समास दीड इंच, ओळींत दुप्पट अंतर,
संदर्भसूची आडनावाच्या क्रमाने,
ओगले आधी, औटी नंतर.
आणि मजकुराला हात लावायचा नाही.
हा नियम बुधकरांचा,
ज्यांनी खिळे जुळवता जुळवता डोळे घालवले.

परवा पुनर्वसनावरच्या त्रैमासिकाचं काम आलं.
बावीस पानी लेख, डॉ. वैजयंती ओगले.
पोलिओनंतर कॅलिपर वापरणाऱ्या प्रौढांचं
शहरातलं चलनवलन.
सगळं इंग्रजीत. मी अक्षरं लावत जातो,
अर्थ मागून येतो,
माझ्या डाव्या पायासारखा.

तक्ता चारपाशी मात्र अर्थ आधी पोचला.
सहभागी सतरा. पुरुष. वय एकोणपन्नास.
डावा पाय, कॅलिपर मांडीपर्यंत.
व्यवसाय: बैठा.
सहा मिनिटांत चाललेलं अंतर:
एकशे ब्याण्णव मीटर.

तो व्हरांडा मला पाठ आहे.
दोन टोकांना दोन केशरी शंकू,
हातात घड्याळ धरलेली एक मुलगी, दीप्ती की तृप्ती,
दर मिनिटाला म्हणायची, "छान चाललंय."
एकाच सुरात. जास्त कौतुक केलं
तर आकडा बिघडतो, असं तिनेच सांगितलं.
एकशे ब्याण्णव म्हणजे
दुकानापासून मुंजाबाच्या बोळापर्यंत असेल,
वाटेत आडव्या लावलेल्या दुचाक्या धरल्या नाहीत तर.
तक्त्यात त्या धरलेल्या नाहीत.

शेवटचा रकाना: सहा महिन्यांनी फेरतपासणी.
सोळासमोर आकडा. अठरासमोर आकडा.
सतरासमोर: गळाला. कारण अज्ञात.
इंग्रजीत गळाला नाही म्हणत,
हरवला म्हणतात,
जत्रेत पोर हरवावं तसा.

मी हरवलो नव्हतो हो.
मी एरंडवण्यात होतो, त्याच इमारतीत, तळमजल्यावर,
दहा वाजून पाच मिनिटांनी,
रिक्षाला नव्वद रुपये मोजून,
आणि समोर पाटी होती:
'लिफ्ट बंद आहे.
कधी सुरू होईल याची चौकशी करू नये.'
तपासणी तिसऱ्या मजल्यावर.
वॉचमन म्हणाला, एकोणसाठ पायऱ्या आहेत, मी रोज चढतो.
मी खालून फोन लावला.
तो वर वाजत राहिला,
जिन्यातून मला ऐकू येत होता.

रात्री साडेनऊला अर्धं शटर ओढलं.
कर्सर 'अज्ञात'वर उभा, लुकलुकत.
एक शब्द खोडायचा, एक टाकायचा.
कुणाला कळलं असतं?
बुधकर वारले. नियम वारलेला नाही.

पण आमच्या धंद्यात एक सोय आहे.
जुळणाऱ्याला शंका आली
तर समासात लिहायचं: लेखकास विचारणे.
चोवीस वर्षांत मी ते लिहिलं
सुटलेल्या स्वल्पविरामांसाठी,
दोनदा आलेल्या परिच्छेदांसाठी,
एकदा एका मेलेल्या माणसाच्या चुकलेल्या सनासाठी.
त्या रात्री लिहिलं:

'तक्ता ४, ओळ १७. कारण ज्ञात आहे. लिफ्ट.
लेखिकेने खात्री करून घ्यावी.
क्रमांक सतरा, एक ते चार सोडून, दुकानात असतो.'

प्रुफं परत आली. लाल शाईत
सगळे स्वल्पविराम जागच्या जागी.
सतराव्या ओळीपाशी काही नाही,
फक्त पेन टेकवून उचलल्याचा
एक ठिपका, जरा पसरलेला.

काल दुपारी शटर वाजलं.
एक ते चारच्या मध्येच.
मी आतून ओरडलो, थांबा,
पट्टे लावतोय, उठायला वेळ लागतो.
बाहेरून एक दमलेला बायकी आवाज आला:
लागू दे. मी मोजत नाहीये.